गोव्याच्या ताटातल्या कॅलरी मोजायला वजनकाटा बरा की वाटी?

वाटी हाताशी असते आणि पाहुण्यांकडे, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) जेवणावळीत तीच उपयोगी पडते. पण आपल्या स्वयंपाकात वाटी नेमकी खोबऱ्यापाशी फसते. खवलेला नारळ सैल भरला तर एक वजन, दाबला तर भलतंच. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 350 कॅलरी असतात, त्यामुळे हुमणाच्या (मासळीच्या आमटीच्या) वाटपात मूठभर फरकही मोठा ठरतो. काजूगर तर 100 ग्रॅमला 550 च्या पुढे. या दोन्हींसाठी मी काट्याचाच आग्रह धरेन.

तेलासाठीही काटाच. बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, कढईत तेल ओता, बाटली परत ठेवा. जितके ग्रॅम उणे दिसतील त्यांना 9 ने गुणलं की कॅलरी मिळाल्या. मासळीत बांगड्याचे काटे आणि डोकं वजनातून वगळायला हवं, हे बरेच जण विसरतात.

भाताला वाटी चालते, पण आपली वाटी आधी एकदा काट्यावर ठेवून ओळखून घ्यावी. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात 130 च्या आसपास. आकडा कशाचा लावतोय ते पाहा. पोईचा, म्हणजे गोव्याच्या पावाचा, आकार पदेरागणिक (पाववाल्यागणिक) बदलतो, ती तोलावी. तांबडी भाजी (लाल माठ), काकडी बिनधास्त अंदाजाने वाढा.

आकड्यांनी ज्यांची जेवणाची धास्ती वाढते, त्यांनी मात्र काटा घरात आणूच नये, वाटीवरच राहावं.