आत्मविश्वासाची कार्यशाळा : सकाळ फिकी, दुपार कसदार

छोटे व्यावसायिक आणि कबड्डीपटू यांना एकत्र बसवून आत्मविश्वासाचे धडे देणाऱ्या रत्नागिरीतील एका कार्यशाळेला मी नुकतीच हजर राहिले. आंबापोळी आणि कोकम सरबत करणाऱ्या बायका, मालवणकडून आलेले न्याहारी-निवासवाले आणि तालुक्याच्या संघात खेळणारी मुले असा श्रोतृवर्ग एरवी एका सभागृहात दिसत नाही, आणि तो जमवल्याचे श्रेय आयोजकांना द्यायलाच हवे. शुल्क मात्र घरगुती उद्योगाला जड जाईल असे आहे.

सकाळचे सत्र निराशाजनक होते. मनाशी पक्के ठरवले की यश चालत येते, असा व्याख्यात्यांचा सूर होता आणि त्यांचा सारा भर १९८३ च्या विश्वचषकावर होता. कपिल देव यांच्या संघाला स्वतःवर विश्वास होता म्हणून वेस्ट इंडीज हरला, असे त्यांनी सांगितले. तो विश्वास आला कुठून, याकडे ते वळलेच नाहीत. त्याच वर्षी २९ मार्चला गयानातील बर्बिसमध्ये सुनील गावसकर यांच्या ९० धावांच्या बळावर भारताने त्याच वेस्ट इंडीजला २७ धावांनी हरवले होते. विश्वचषकातील पहिल्याच सामन्यात, मँचेस्टरला, यशपाल शर्मा यांच्या ८९ धावांमुळे पुन्हा ३४ धावांनी विजय मिळाला. पुढे ओव्हलवर ६६ धावांनी हारही झाली. पण २५ जूनला लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात १८३ धावांत सर्वबाद झालेल्या या संघाने समोरच्या प्रतिस्पर्ध्याला आधी दोनदा हरवलेले होते, आणि त्या दिवशी वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांवर आटोपला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांतला पहिला सर्वांत बळकट मानला जातो. व्याख्याते दुपारपर्यंत तिसराच, म्हणजे नुसता धीर, वाटत बसले.

जेवणानंतर एका कबड्डी प्रशिक्षकांनी सूत्रे हाती घेतली आणि कार्यक्रमाला जीव आला. व्यावसायिक कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. मुलांना आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावून, दम लागलेला असतानाच त्यांनी ही तिसरी चढाई पुन्हा पुन्हा करून घेतली. मग तोच प्रयोग आम्हा व्यावसायिकांवर झाला. सर स्वतः घासाघीस करणारे वाशीच्या घाऊक बाजारातले व्यापारी झाले आणि प्रत्येकाने त्यांना आपल्या मालाचा भाव सांगायचा होता. ज्यांनी पाकिटामागचा खर्च, मजुरी आणि वाया जाणारा माल धरून हिशेब मांडलेला होता, त्या बायका भावावरून हलल्या नाहीत. बाकीच्यांनी, मीही त्यांतलीच, कोणी मागण्याआधीच भाव उतरवला. मग सरांनी आम्हाला तिथेच वही काढून खर्च मांडायला लावले. दुसऱ्या फेरीत आवाज आपोआप स्थिर झाले.

एक मोठी उणीव राहिली. फाजील आत्मविश्वासाबद्दल दिवसभरात कोणी अवाक्षरही काढले नाही. कॅमेरर आणि लोव्हालो या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रयोगातून दाखवले, की नफा स्वतःच्या कौशल्यावर ठरणार म्हटले की गरजेपेक्षा जास्त माणसे धंद्यात उतरतात आणि बऱ्याचदा सगळे मिळून तोटाच करून घेतात. आंब्याला मोहर दिसताच पेट्यांचा आकडा सांगून दलालाकडून आगाऊ उचल घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि अवकाळी पाऊस किंवा फुलकिडे कोणाचा आत्मविश्वास पाहून थांबत नाहीत.

व्यवस्था नीटनेटकी होती आणि जेवण उत्तम. पाचपैकी तीन गुण, तेही दुपारच्या जोरावर. त्या सत्राचे शुल्क वेगळे ठेवले, तर आमच्या बचत गटातील सगळ्या बायकांना मी पाठवीन.