मेडेला सिम्फनी ब्रेस्ट पंप भाड्याने घेतला होता, बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना, त्याचा रिव्ह्यू

ज्यांचं बाळ आत्ता एनआयसीयूत आहे आणि पंप विकत घ्यायचा की भाड्याने, साधा की डबल (दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा), असं डोक्यात चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. बाळाला बरेच दिवस अंगावर घेता येणार नसेल तर विकतच्या भानगडीत पडू नका, हॉस्पिटल ग्रेडचा, म्हणजे हॉस्पिटलात वापरतात तसा दणकट डबल पंप भाड्याने आणा. सुरुवातीला कोणीतरी दिलेला हातपंप वापरून बघितला मी, दर तीन तासांनी हाताने दाबून मनगट गेलं कामातून आणि दूध जेमतेम, त्यात सिझरचे टाके.

आमच्या लेकीला टीईएफ होतं. म्हणजे अन्ननलिका वरून येते ती मध्येच बंद, आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला. जन्मल्यापासून तोंडातून सारखा फेस येत होता, सिस्टरनी नळी घालून बघितली तर आत जाईना, एक्सरेमध्ये ती नळी वरच्या वर गुंडाळलेली दिसली. मी साताऱ्यात आणि तिला त्याच रात्री अँब्युलन्सने पुण्याला नेलं, तिचे बाबा आणि माझा भाऊ बरोबर गेले आणि मी इथे कॉटवर. त्या रात्रीच्या ड्युटीच्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही, त्या म्हणाल्या ताई, बाळ जवळ नाही म्हणून थांबू नका, आत्तापासून काढायला लागा, नाहीतर नंतर दूध उतरायला फार जड जातं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक मशीनने काढण्यापेक्षा हाताने काढलेला बरा. तो इतका घट्ट आणि इतका थोडा असतो की मशीनच्या छातीवर लावायच्या कपालाच चिकटून राहतो. मी हाताने दाबायचे आणि माझी आई बिनसुईच्या सिरिंजने एकेक थेंब उचलून घ्यायची, एका वेळेला एखाद मिली, कधी तेवढंही नाही. सिरिंजला टोपण लावून त्यावर नाव, तारीख, वेळ, आणि बर्फाच्या डब्यातून भाऊ पुण्याला घेऊन जायचा. ऑपरेशन झालं, छातीच्या उजव्या बाजूने उघडून ती चुकीची जोडणी बंद केली आणि अन्ननलिकेची दोन टोकं एकमेकांना जोडली. लेक व्हेंटिलेटरवर होती, पोटात काही द्यायचं नव्हतं, तरी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सिस्टर त्यातलाच चीक कापसाच्या बोळ्यावर घेऊन तिच्या गालाला आतून लावायच्या. मी डिस्चार्ज घेऊन पुण्याला पोचले तेव्हा मला ते बघायला मिळालं.

आता मशीनबद्दल. दणकट आहे, तीनेक किलो वजन असेल, पर्समध्ये टाकून न्यायची वस्तू नाही. एकच मोठं बटण, फिरवून खेच कमी-जास्त करायची. सुरू केलं की पहिली दोन मिनिटं भराभर हलकी ओढ देतं, बाळ सुरुवातीला चुळुचुळु ओढतं ना तसं, मग आपोआप सावकाश आणि खोल ओढ सुरू होते. दूध त्याआधीच यायला लागलं तर थेंबाचं चित्र असलेलं बटण दाबायचं. आवाज अगदी कमी, रात्री तीनला लावलं तरी खोलीतलं कोणी उठायचं नाही. दोन्ही बाजूंचं एकदम निघत असल्याने पंधरा-वीस मिनिटांत मोकळं होता येतं आणि चोवीस तासांत आठ वेळा काढायचं असतं तेव्हा या वेळेची किंमत कळते. दूध मोटरमध्ये जात नाही, म्हणून एकच मशीन अनेक जणींनी वापरलं तरी चालतं, फक्त बाटल्या, कप, नळ्या असा किट प्रत्येकीचा स्वतःचा नवीन हवा.

किटमध्ये पिवळ्या व्हॉल्व्हवर एक पांढरा पातळ पडदा असतो, नखाएवढा. तो धुताना फाटला किंवा नीट सपाट बसला नाही की ओढच लागत नाही, आणि बाईला वाटतं आपलं दूध आटलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या आईचं असंच झालं होतं, दोन दिवस रडत होती बिचारी, पडदा बदलला आणि दूध आलं. एक जास्तीचा आणूनच ठेवा.

दुसरं म्हणजे कपाचं माप. दुकानदाराने 24 मिलिमीटरचा दिला आणि म्हणाला सगळ्यांना हाच लागतो. अजिबात नाही. मला इतकं दुखायचं की मशीन बघितलं तरी पोटात गोळा यायचा, शेवटी एनआयसीयूतल्या सिस्टरनी बघून सांगितलं लहान होतोय, 27 चा आणा. त्याने फरक पडला. पण दुकानाने आधीचा बदलून दिला नाही आणि डिपॉझिट परत देतानाही फार चकरा मारायला लावल्या, म्हणून दुकानाला दोनच स्टार, मशीनला पूर्ण पाच.

ऑपरेशननंतर लेकीचा डाय टाकून एक्सरे काढला तेव्हा जोडलेल्या जागी थोडं लीक आहे म्हणाले, तोंडाने देणं पुढे ढकललं. त्या संध्याकाळी बाटलीचा नुसता तळ ओला झाला. सासूबाईंनी हळिवाची खीर केली, कोणी शतावरी सांगितली, मी सगळं खाल्लं, पण खरं सांगायचं तर पान्हा फुटला तो सिस्टरनी पडदा ओढून मला लेकीच्या वॉर्मरशेजारी (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याशेजारी) मशीन घेऊन बसवलं तेव्हा. एक हात तिच्या पायावर ठेवला होता. शक्य असेल तिथे हे मागून घ्या, काही ठिकाणी नाही म्हणतात, तरी विचारा.

नळीतून दोन-दोन मिलीने सुरू झालं, मग लीक भरलं, मग चमच्याने, मग अंगावर. खोकला अजून भुंकल्यासारखा येतो, श्वासनलिका मऊ असल्याने तो काही काळ राहील म्हणून सांगितलंय. मी घरी आल्यावरही मशीन ठेवलं कारण ती पटकन दमायची आणि उरलेलं काढून नळीनेच द्यावं लागायचं.

दूध कमी पडलं तर मिल्क बँकेबद्दल, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध जिथे मिळतं त्याबद्दल, नक्की विचारा. मुंबईत सायन हॉस्पिटलची 1989 पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली, पुण्यातही मोठ्या हॉस्पिटलांत आहेत. देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात आणि दूध साडेबासष्ट डिग्रीला अर्धा तास तापवून मगच बाळाला देतात, त्यामुळे दुसरीचं दूध कसं द्यायचं म्हणून घरचे अडले तर त्यांना हे सांगा.

भाड्याने घेताना मशीन दुकानातच चालू करून ओढ बघा, पावतीवर मशीनचा नंबर आणि डिपॉझिट लिहून घ्या, आणि वायर, प्लग सगळ्याचा फोटो काढून ठेवा.