बिघडलेली चित्राची फाइल: जुनी प्रत शोधावी की तीच फाइल उकलावी?

आधी फाइलचा आकार बघा. शून्य बाइट दिसत असेल तर दुरुस्तीला काही उरलेलंच नाही. जुनी प्रत शोधणं एवढाच मार्ग. कृता (चित्र काढायचा प्रोग्राम) जतन करताना आधीची आवृत्ती नावाच्या शेवटी ~ लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं. फोटोशॉपची ऑटो रिकव्हरी मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी नोंद ठेवते, पण ती प्रोग्राम अचानक बंद पडला तरच कामाची. या मार्गाने शेवटचं थोडं काम जातं, लेयर (चित्राचे वेगवेगळे थर) मात्र शाबूत मिळतात.

फाइल उकलणं, म्हणजे बिघडलेल्या फाइलीतूनच चित्र बाहेर काढणं, जास्त रंजक, आणि जास्त बेभरवशाचं. कृताची फाइल मुळात झिप (अनेक फाइलींचं एक गाठोडं) असते. तिची प्रत करून नावाच्या शेवटी .zip लावा, उघडा, आत mergedimage.png नावाचं सपाट (लेयर नसलेलं) पण पूर्ण आकाराचं चित्र सापडू शकतं. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली फाइल साधा प्रोग्राम नाकारतो, पण झिप दुरुस्त करणारं साधन आतले तुकडे शोधू शकतं. पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलीत) उलटं: एकत्रित चित्र शेवटी असतं, म्हणून अर्धवट लिहिलेल्या फाइलीत आधी तेच जातं.

माझा कौल जुन्या प्रतीला. उकलायला बसायचं ते प्रत नसेल तेव्हाच, आणि नेहमी नकलेवर. ‘सगळं परत मिळेल’ म्हणणाऱ्या पैसे घेणाऱ्या साधनांनी आधी नमुना दाखवावा.