प्रेझेंटेशनच्या इंग्रजीसाठी अँकी: दिवाळीपासूनचा वापर

आधीच सांगतो, अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवर पाठांतर करून घेणारं ॲप आहे, इंग्रजी शिकवणारं नाही. त्यात धडे नाहीत, शिक्षक नाहीत, शाबासकी नाही. कार्डं तुम्ही बनवायची, ते रोज विचारणार. उत्तर बघून अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबलं की ते कार्ड पुन्हा कधी पुढ्यात येणार हे ठरतं. अडलेलं काही मिनिटांत परत येतं, पक्कं झालेलं आठवड्यांनी आणि मग महिन्यांनी. नाव जपानी आहे, अर्थ पाठांतर. मराठी शाळेत पाढे घोकलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार लगेच रुचला.

नोकरी चाकणला, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, क्वालिटीमध्ये. दर महिन्याला जर्मन कस्टमरबरोबर टीम्सवर रिव्ह्यू असतो: पीपीएमचा (दर दहा लाख पार्ट्समागे किती सदोष) ग्राफ, चालू असलेले एट-डी (तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांचे) रिपोर्ट, पुढचा प्लॅन. ईमेलपुरतं इंग्रजी मला येतं. बोलताना मात्र प्रत्येक स्लाइडला 'सो, नेक्स्ट' आणि 'बेसिकली' याशिवाय तोंडातून काही निघत नसे. म्हणून हा उद्योग.

पहिल्यांदा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, घेतला. चार्ल्स ब्राउन आणि ब्रेंट कल्लिगन यांची 'बिझनेस सर्व्हिस लिस्ट' म्हणून साधारण 1,700 शब्दांची यादी आहे, व्यवसायाच्या मजकुरात सारखे येणारे शब्द निवडून केलेली. यादी उत्तम, पण वाचणाऱ्याच्या कामाची. त्यातले निम्मेअधिक शब्द मला दिसले की कळत होते; बोलायची वेळ आली की त्यातला एकही हाताशी नसायचा. तो डेक उडवला आणि स्वतःची कार्डं सुरू केली: आमच्याच रिव्ह्यूत लागणारं पूर्ण वाक्य घ्यायचं आणि मधला तुकडा गाळायचा. अँकीत याला क्लोझ म्हणतात. सुटा शब्द एकाही कार्डावर ठेवला नाही.

सगळ्यात जास्त फायदा ग्राफच्या कार्डांनी दिला. राइज, ड्रॉप, पीक, लेव्हल ऑफ, फ्लक्च्युएट ही क्रियापदं पटकन बसतात. खरी मेख त्यांच्यामागे येणाऱ्या एवढ्याशा शब्दात आहे. समजा रिजेक्शन 120 पीपीएमवरून 80 वर आलं. मग 'ड्रॉप्ट बाय फॉर्टी' बरोबर आणि 'ड्रॉप्ट टू एटी'ही बरोबर. आमच्यातला एकजण एकदा 'ड्रॉप्ट टू फॉर्टी' बोलून गेला. समोरून लगेच, 'टू फॉर्टी, ऑर बाय फॉर्टी?' मग एक्सेल उघडा, मागचा महिना दाखवा, सगळ्यांचे चेहरे गंभीर. आता माझ्या कार्डाच्या पुढच्या बाजूला सरळ मराठीत '40 ने घटलं' किंवा '80 वर आलं' असतं आणि वाक्य मोठ्याने बोलल्याशिवाय मी कार्ड उलटत नाही. बसमध्ये शेजारचा बघतो, बघू दे.

त्याच गटात टक्केवारी. 4 टक्क्यांवरून 3 टक्के म्हणजे वन पर्सेंटेज पॉइंटची घट, पण टक्केवारीत मोजली तर 25 पर्सेंटची. आमच्या साहेबांना स्लाइडवर अर्थातच 25 हवे असतात. दोन्ही आकडे न अडखळता सांगता आले पाहिजेत, नाहीतर कस्टमर तिथेच धरतो. 15 लाख म्हणजे 1.5 मिलियन, 12 कोटी म्हणजे 120 मिलियन, याचीही कार्डं केली आहेत, कारण बोलता बोलता मनात हिशेब करायला सवड मिळत नाही.

स्लाइड बदलतानाची वाक्यं, 'धिस ब्रिंग्ज मी टू' वगैरे, पंधरवड्यात रुळली. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

प्रश्नोत्तरांची कार्डं मात्र जितकी कराल तितकी थोडी. 'आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी, आय विल सेंड इट बाय थर्सडे' हे वाक्य शांतपणे म्हणता यायला लागल्यापासून मीटिंगमधलं 'येस येस' बंद झालं. एट-डीमध्ये तिसरी पायरी तात्पुरत्या बंदोबस्ताची, चौथी मूळ कारणाची, पाचवी कायमच्या उपायाची. कस्टमर नेमकं हेच खोदतो. त्यामुळे 'कंटेन्ड' आणि 'करेक्टेड', 'सस्पेक्टेड' आणि 'कन्फर्म्ड' अशा जोड्या मी वेगवेगळ्या वाक्यांत घातल्या. नुसती सॉर्टिंग (खराब पार्ट्स निवडून बाजूला काढणं) लावलेली असताना 'करेक्टेड' म्हणालात तर पुढच्या महिन्यात पुरावा द्यावा लागतो.

आता उणिवा. तुमचा उच्चार ऐकणारं त्यात कुणी नाही. 'इन्क्रीज' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हे कार्डावर लिहिता येतं, पण आपण तसं बोललो का हे ठरवून बटण तुम्हीच दाबणार. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकतो. शिवाय कंपनीत टोस्टमास्टर्सचा क्लब आहे, तिथे जातो. संस्था 1924 पासूनची. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं, वेळेप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल इशारा, आणि एकाचं काम फक्त तुमचे 'आ' आणि 'उम' मोजायचं. हा माणूस अँकीत मिळणार नाही.

दुसरं, खाडा महागात पडतो. मे महिन्यात गावी जाऊन आलो तर कार्डांचा ढीग साचलेला. नवीन कार्डं रोज वीस असं मुळात सेटिंग असतं, ते मी पाचवर आणलं. सारख्या अडणाऱ्या कार्डाला अँकी 'लीच', म्हणजे जळू, असं लेबल लावतं. असं कार्ड रेटत बसण्यापेक्षा वाक्यच बदलावं. बहुतेक वेळा ते फार लांबलेलं असतं. 2023 साली आलेला एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवायची नवी पद्धत, हा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, माझी रोजची कार्डं त्याने कमी झाली.

कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइडही फुकट. आयफोनचं ॲप विकतचं आहे, अमेरिकेत 24.99 डॉलर, एकदाच भरायचे. आयफोनवाल्यांनी आधी महिनाभर कॉम्प्युटरवर स्वतःची कार्डं करून बघावीत. तेवढा कंटाळा झेपला तर पैसे घाला.