वांगणीचं आकाशदर्शन: खगोल मंडळासोबत एक अख्खी रात्र

फेब्रुवारीत अमावस्येजवळच्या एका शनिवारी आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी दहा वर्षांची लेक आणि माझे वडील (आबा), मुंबईच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला जाऊन आलो. तेव्हापासून फोनवर इतक्या जणांना तेच तेच सांगितलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

त्याआधी एका रिसॉर्टवर 'स्टारगेझिंग'ला गेलो होतो, त्याचं नाव घेत नाही. चांगले पैसे घेतले, पण हॅलोजन चालू, स्पीकर चालू, टेलिस्कोप एकच आणि लाईन एवढी मोठी की लेकीला शनी दिसायच्या आत मागच्याने खांद्यावर हात ठेवला. घरी येताना ती गाडीत रडली. त्यामुळे वांगणीला जाताना मला खरंच धाकधूक होती.

हे मंडळ तसं जुनं आहे, १९८५-८६ला हॅलेचा धूमकेतू आला होता ना, त्या सुमाराचं. शिकवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या-कॉलेज सांभाळून येणारे स्वयंसेवक. सगळ्यात आवडलं ते म्हणजे सुरुवात टेलिस्कोपने नाही केली. आधी सतरंजीवर आडवं व्हायला लावलं, मोबाईल बंद, टॉर्चला लाल जिलेटीन, आणि वीस-पंचवीस मिनिटं नुसतं वर बघत राहायचं. डोळे सरावले तसे मघाशी मोजके वाटणारे तारे वाढत वाढत गेले. मग मोजायला शिकवलं. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींना जरा कमी, कारण त्याची उंची आपल्या अक्षांशाएवढीच असते आणि आपला अक्षांश १९ आहे! लेकीने ते चार वेळा मोजून पाहिलं, अजूनही गच्चीवर मोजते.

आणि मग मृग. आबा शेतकरी माणूस, सगळा जन्म साताऱ्याकडे गेला. रोहिणी, मृग, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, ही नावं त्यांच्या तोंडात कायम, पण पावसाची म्हणून. तिथल्या एका स्वयंसेवक मुलीने मृग नक्षत्रातल्या हरणाचे चार पाय दाखवले, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला, बाणाची रेघ खाली नेली की व्याधाचा तारा आणि वर नेली की रोहिणीचा. आबा म्हणाले, अगं पण मृग तर जूनला लागतो, आत्ता फेब्रुवारीत कसा दिसतोय? ती खूश झाली, म्हणाली काका हाच प्रश्न हवा होता. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे आपल्याला तो त्या ताऱ्यांच्या दिशेला दिसतो, मृग दिवसा आकाशात असतो आणि उजेडात दिसत नाही. थंडीत सूर्य दुसऱ्या बाजूला गेला की तेच तारे रात्री वर. म्हणजे ज्या नक्षत्रावर आबांनी पन्नास वर्षं पेरण्या केल्या, ते पेरणीच्या दिवसांत कधी दिसणारच नव्हतं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकीला जवळ घेऊन त्यांनीच तिला बाण दाखवला.

टेलिस्कोपमधून गुरू आणि त्याचे चंद्र बघितले, गॅलिलिओने १६१०मध्ये पाहिलेले तेच चार. मृगातला तेजोमेघही (वायू-धुळीचा ढग) पाहिला, तो फोटोतल्यासारखा गुलाबी-बिलाबी दिसत नाही, करडा धुरकट ठिपका दिसतो, पण तिथे नवे तारे जन्माला येतायत आणि तो प्रकाश तेराशेहून जास्त वर्षांपूर्वी निघालाय हे कळल्यावर परत लाईनीत उभं राहावंसं वाटतं. उभं राहूही देतात, कोणी घाई करत नाही.

रात्रभराचा खरा फायदा मात्र आकाश फिरताना दिसतं हा. नऊ-साडेनऊला दक्षिणेला अगस्तीचा ठळक तारा होता, मध्यरात्रीनंतर तो मावळला, तीन-साडेतीनला दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकू (क्रुसासारखे चार तारे) उभा आणि पहाटे पूर्वेकडून अख्खा वृश्चिक वर आला, नांगीसकट. दोन तासांच्या शोमध्ये हे कसं बघणार? मुलांना झोप येते, येऊ द्या, पण चारला उठवा.

अडचणी आहेत. वायव्येला बदलापूर-कल्याणचा उजेड दिसतो, त्या बाजूचं आकाश फिकट. काही लोक सांगूनही मोबाईलचा फ्लॅश मारतात आणि सगळ्यांचे सरावलेले डोळे जातात, याचा मला फार राग येतो, वीस मिनिटं परत वाट बघावी लागते. दवाने सतरंजी ओली होते, म्हणून खाली प्लॅस्टिक आणि वर जाड पांघरूण न्या, कानटोपी, डासांचं क्रीम, थर्मासमध्ये चहा. कर्जत लोकलने वांगणीला उतरायचं, नाव आधी नोंदवायचं. पावसाळ्यात काही उपयोग नाही, आणि पौर्णिमेच्या आसपासही आकाश बघायला जाऊ नका, अमावस्येजवळचीच तारीख धरा.

आबांनी गावी परत जाताना प्लॅनिस्फिअर (तारीख-वेळ लावली की आकाश दाखवणारी फिरती चकती) नेलंय, आता रोज साडेआठला फोन येतो, आज काय दिसलं ते सांगायला.