कव्हर न उघडताच बदललेल्या क्लच प्लेटा

गाडीचं उजवं कव्हर उघडलंसुद्धा नाही आणि क्लच प्लेटा बदलल्याचे २,८५० रुपये माझ्याकडून घेतले. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत टर्नर आहे. दिवसभर हातात जाडी मोजायचा व्हर्नियर असतो. तरीही फसलो. ज्यांना गाडीतलं काहीच कळत नाही त्यांच्याकडून काय काय उकळत असतील, हे मनातून जात नाही, म्हणून सगळं लिहितोय.

रविवारी बायकोला घेऊन जोतिबाला निघालो होतो. स्प्लेंडर, जुनी पण नीट ठेवलेली. केर्ली मागे पडली, चढ लागला आणि गाडी दमली. तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी आहे त्याच वेगात. दुसऱ्यात टाकली तरी तेच. "अहो, आवाज असा का येतोय?" बायको दोनदा म्हणाली. कसेबसे वर पोचलो, दर्शन घेतलं. उतरताना गाडी एकदम शहाण्यासारखी चालली. उताराला क्लचवर भारच नसतो, त्यामुळे तिथे हा दोष दिसत नाही.

परतताना रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो. मिस्त्रीने गाडी मेन स्टँडवर घेतली, चालू केली, क्लच दाबून पहिला टाकला. मागचं चाक हळूहळू फिरायला लागलं. "बघा दादा, क्लच दाबलाय तरी चाक फिरतंय. प्लेटा जळल्यात. अशीच चालवली तर इंजिन धरंल." माझ्यापेक्षा बायकोच जास्त घाबरली. अजून घरापर्यंत जायचं होतं.

हे चाक फिरवून दाखवणं नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथेच झाला. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून इंजिनचा जोर चाकाकडे नेतात, आणि आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. लिव्हर दाबल्यावर प्लेटा सुटतात, पण त्यांच्यामधलं ऑइल थोडी ओढ देतच राहतं. स्टँडवर चाकाला काही भार नसतो, म्हणून एवढ्याशा ओढीनेही ते फिरतं. इंजिन गार असेल तर जास्तच. मागचा ब्रेक हलकेच दाबला आणि इंजिन बंद न पडता चाक थांबलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी गोष्ट मला घरी आल्यावर सुचली आणि फार वाईट वाटलं. माझी तक्रार होती की क्लच धरत नाही. त्याने मला दाखवलं की क्लच सोडत नाही. हे दोन दोष एकमेकांच्या उलटे आहेत, आणि मी दोन्हीला मान हलवली.

"तासभर लागंल, च्या घेऊन या जावा," असं म्हणून त्याने आम्हाला समोरच्या टपरीवर पाठवलं. परत आलो तेव्हा काम झालेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत काळ्याकुट्ट प्लेटा, ऑइलने माखलेल्या, जळका वास येत होता. "ह्या तुमच्या." मी चक्कर मारून बघितली. गाडी मस्त उचलत होती! एका चिठ्ठीवर प्लेट सेट, स्प्रिंगा, पॅकिंग, ऑइल, मजुरी असे आकडे मांडले होते. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला दादा, काय झालं तर मी हितंच हाय की." रोख पैसे देऊन निघालो.

गुरुवारी सवयीने ऑइलची काडी काढून बघितली. ऑइल डांबरासारखं काळं.

क्लच उजव्या कव्हरच्या आत असतो. ते कव्हर उघडायचं तर ऑइल काढावंच लागतं, आणि माझ्याकडून तर नव्या ऑइलचे पैसेही घेतले होते. नवं ऑइल मधाच्या रंगाचं असतं, चार दिवसांच्या कामावर जाण्या-येण्यात ते इतकं काळं होत नाही. खाली बसून कव्हरचे बोल्ट बघितले. आमच्या उसाच्या पाणंदीतला चिखल त्यांच्या डोक्यांभोवती वाळून तसाच बसला होता. एकाही बोल्टावर पाना लागल्याची खूण नव्हती.

इथे मी घाई केली. त्याच रात्री ऑइल काढलं, किक काढली, ८ च्या टी-पान्याने बोल्ट सोडले. पॅकिंग जुनंच, चिकटून बसलेलं, ब्लेडने खरवडून काढावं लागलं. आतल्या प्लेटा तपकिरी, अस्तर शाबूत, कुठे जळल्याचा डाग नाही. मधल्या लोखंडी प्लेटा तापल्या की निळसर पडतात, त्याही स्वच्छ होत्या. व्हर्नियर लावला. माझी सगळ्यात झिजलेली प्लेट २.९० मिमी, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात कोरी प्लेट मोजली ती २.९८, म्हणजे झीज नावालाच. मग पिशवीतली एक प्लेट क्लचच्या बेलमध्ये, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्यात, बसवून बघितली. ती आत जाईचना. घेरच मोठा होता. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची प्लेट होती ती, आणि किती गिऱ्हाइकांना दाखवून झाली असेल देव जाणे.

मग गाडी नीट कशी झाली? तर पंधरा दिवसांपूर्वी लिव्हरजवळ क्लच वायरचे तार तुटायला लागले होते म्हणून मी घरीच नवी वायर टाकली होती, आणि ती फार ताणून बसवली होती. लिव्हरला ढील अजिबात नव्हती. म्हणजे लिव्हर मोकळा असतानाही वायर क्लचला थोडा दाबूनच ठेवत होती. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नव्हता. एकट्याने सपाटीवर चालवताना कळलं नाही. दोघं बसलो, चढ लागला, इंजिन तापलं आणि प्लेटा घसरायला लागल्या. मिस्त्रीने काय केलं असेल तर ॲडजस्टर फिरवून वायर सैल केली. दोन मिनिटांचं काम. त्याला दोष बरोबर सापडला होता, याचाच मला जास्त राग आहे. खरं सांगून त्याने दोनशे रुपये मागितले असते तर मी आनंदाने दिले असते.

शनिवारी परत गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कव्हर कुणी उघडलं?" मी म्हटलं, मीच. "मग आता आमची जबाबदारी न्हाई. आत काय बदललं तुम्ही, आम्हाला काय ठाऊक?" माझ्याकडे बिल नाही, चिखलाने भरलेल्या बोल्टांचा फोटो नाही. पुरावा मीच पान्याने सोडून टाकला होता. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण तक्रारीसोबत जोडायला हातात काहीतरी हवं. शंका आली तर आधी फोटो काढा, ऑइलची काडी पांढऱ्या कागदावर पुसून त्याचाही काढा, आणि दुसऱ्या मिस्त्रीच्या देखतच कव्हर उघडा.

गॅरेजात जाण्याआधी घरी एवढं बघाच. लिव्हरच्या टोकाला एक ते दोन सेंटीमीटर ढील हवी, त्यानंतर वायर ताणली जायला हवी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही ती ढील राहायला हवी. नसेल तर लॉकनट सोडून ॲडजस्टरने द्या. उलट ढील फार झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडत पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या आसपास एकदम पिळून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. ढील बरोबर असूनही घसरत असेल तर ऑइल कोणतं टाकलंय ते आठवा. कारचं ऑइल टाकलेल्या गाड्यांचा क्लच घसरू शकतो, कारण त्यातल्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. डब्यावर जासो एमए (JASO MA) किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या, ती ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. हे सगळं ठीक असेल तरच प्लेटांचा विचार. आणि प्लेटा बदलायच्याच असतील तर समोर उभं राहा. चहा नंतर पिता येतो.

मी नवं पॅकिंग आणि नवं ऑइल टाकून त्याच जुन्या प्लेटांवर गाडी चालवतोय. गेल्या चैत्र यात्रेला दोघं परत जोतिबाला गेलो, तिसऱ्यात चढली. बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका कव्हरच्या प्रत्येक बोल्टावर दिलाय, अर्धा बोल्टावर आणि अर्धा कव्हरवर. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो.