‘ऑइल ऑन वॉटर’: अपहरणकथा समजून घ्याल तर फसाल

हेलॉन हबिला यांची ही इंग्रजी कादंबरी २०१० ची. कथासूत्र ऐकलं की थरारकथा वाटते. नायजेरियातल्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात एका ब्रिटिश तेल-इंजिनिअरची बायको पळवली जाते. ती जिवंत आहे का, हे पाहायला रुफस हा नवखा वार्ताहर आणि झॅक हा दारूनं पोखरलेला जुना पत्रकार होडीतून निघतात. या अपेक्षेनं घ्याल तर अर्ध्यावर ठेवून द्याल. अपहरणाचं गूढ शेवटी अगदी घरगुती भानगडीवर येऊन थांबतं आणि लेखकालाही त्यात फारसा रस दिसत नाही. पुस्तकाची खरी ताकद म्हणजे त्यातला पाण्याचा पंचनामा.

सगळ्यात भारी भाग डॉक्टरचा. गावात तेल लागतं, तेलविहिरीच्या तोंडाशी रात्रंदिवस ज्वाळा पेटते आणि गावकरी आधी खूश होतात. मग गुरं मरायला लागतात, झाडं सुकतात. डॉक्टर पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासतो, नंतर लोकांचं रक्त. विषाचं प्रमाण वाढत जातं. अहवाल सरकारकडे जातो, सरकार आभार मानतं आणि कागद कपाटात जातो. बस, एवढंच. लेखक एक शब्द जास्त खर्च करत नाही.

ती ज्वाळा कल्पनेतली नाही. कच्च्या तेलाबरोबर वायू वर येतो. तो गोळा करायला नळ, कॉम्प्रेसर लागतात, म्हणजे खर्च आला. म्हणून जागेवरच जाळतात. नायजेरियानं १९७९ मध्ये कायदा करून १९८४ पासून याला बंदी घातली, पण परवानगी आणि दंड अशा दोन पळवाटा ठेवल्या. दंड भरणं स्वस्त पडलं. पाण्याचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालात याच त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी भागात एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन हे कर्करोग करणारं रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. कादंबरी त्याच्या आदल्या वर्षीची, हे ध्यानात ठेवून डॉक्टरचं प्रकरण वाचा.

अशांतता कशी पेटते, तेही इथे टप्प्याटप्प्यानं दिसतं. कंपनी गाव विकत मागते. शेजारची गावं विकून मोकळी होतात. एक मुखिया नाही म्हणतो. त्याला अटक होते, कोठडीतच तो मरतो आणि कंपनी आत शिरते. मासे संपलेली पोरं मग बंदूक तरी धरतात किंवा चोरीचं तेल तरी विकतात. रुफसच्या बापानं असंच पेट्रोल साठवलेलं असतं. त्या आगीत बहिणीचा चेहरा भाजतो. सैन्याचा मेजर कैद्यांच्या अंगावर पेट्रोल ओततो. कोणाचीच बाजू धुतल्या तांदळासारखी ठेवलेली नाही, हे मला फार पटलं. सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं कशी गेली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना मुखियाचं प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे पाणी आलं, तिकडे आहे ते पाणीच गेलं.

आता खोट. काळ सारखा मागेपुढे उडी मारतो आणि प्रकरणाला तारीख नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तीन रकाने आखा: बेट, नदीवरचा प्रवास, रुफसचं आधीचं आयुष्य. प्रत्येक प्रकरण कुठल्या रकान्यात पडतं ते लिहीत गेलात की गुंता सुटतो. बायकांची पात्रं कच्ची आहेत. पळवलेली बाई तर जवळजवळ कारणापुरती. हबिला स्वतः उत्तरेकडच्या गोंबे राज्यातले, या त्रिभुज प्रदेशातले नव्हेत. स्थानिक बोलीचा ठसका कमी जाणवतो तो बहुधा त्यामुळेच.

जळगाव-धुळ्याकडच्या वाचनगटाला एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर हेच घ्या. भाषा सोपी, वाक्यं छोटी, बारावीपर्यंतचं इंग्रजी पुरतं. ज्यांना बायकांची आणि पोरांची बाजू हवी, त्यांनी मागाहून इम्बोलो म्ब्वे यांची २०२१ ची ‘हाऊ ब्यूटिफुल वी वेअर’ घ्यावी. कोसावा हे गाव काल्पनिक, पेक्स्टन ही कंपनीही काल्पनिक. गावातला वेडा कंपनीच्या माणसांच्या गाडीची किल्ली लपवतो, तिथून सुरुवात. ती बरीच जाड आहे, आणि मधली शंभरेक पानं रेटावी लागतात.